राजाचा दुसरा डोळा

“मग राजाचं पान मला कधी देणार, काकी?”

सावंतवाडीच्या द्रौपदीकाकी गंजिफा रंगवायच्या. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, तळहातात मावतील एवढे. शलाका तीन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकत होती. तीन वर्षं नुसती हलकी पानं, मासे आणि शंख. राजाच्या पानाला काकींनी तिला बोट लावू दिलं नव्हतं.

“एवढी घाई का गो?”

“घाई नाही. हक्काचं मागते.” शलाकाची मान ताठ होती. “दोन महिन्यांत घरबसल्या टॅबलेटवर अख्खं संग्रहालय पालथं घातलं मी. चार हजार वस्तू. एक सोडली नाही. तुम्ही कधी वाडीबाहेर तरी...”

काकींनी नुसतं वर पाहिलं. शलाकाने पुढचं गिळलं.

मग तिने गुंडाळी सोडली. दोन हात लांब कागदावर हत्तीवरचा स्वार, संग्रहालयातल्या चित्रावरून उतरवलेला. पापणीचे केस मोजून घ्यावेत असा. हे बघून काकींची बोलती बंद होणार, याची तिला खात्री होती.

“हात चांगला आहे तुझा,” काकी म्हणाल्या. “मूळ चित्र केवढं?”

शलाकाने टॅबलेट पुढे धरला. “एवढं.”

“आणि तो इराणी गालिचा सांगत होतीस परवा, तो?”

“तोही एवढाच. म्हणजे... दिसतो एवढा.”

“आणि मिसरच्या राणीची अंगठी?”

टॅबलेट धरलेला हात खाली आला.

“झकास संग्रहालय आहे तुझं. गालिचा, हत्ती, अंगठी, सगळी एका मापाची.”

चित्राखाली बारीक अक्षरांत माप दिलेलं होतं. दोन महिन्यांत शलाकाने ते एकदाही वाचलं नव्हतं. आता वाचलं.

रुंदी दोन इंच.

दोन इंचांत हत्ती, झूल, स्वार... आणि पापणी.

तिने दोन बोटं पसरून पापणी पुन्हा मोठी केली. मग म्हणाली, “काकी, त्या चितार्‍याला ही पापणी दिसत तरी होती का?”

“तुला दिसली तेवढी? जन्मात नाही.”

“मग काढली कशी?”

काकींनी हात पुढे केला. पाटावरचं राजाचं पान उचललं. राजा रंगवून तयार होता, डोळे तेवढे कोरे. काकींची सत्तरी उलटलेली, चष्म्याशिवाय हातातली सुईसुद्धा दिसायची नाही. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. कुंचल्याचं टोक काळ्या रंगात बुडवलं, निथळू दिलं, श्वास धरला.

एक डोळा. पापणीसकट.

राजा शलाकाकडे रोखून बघू लागला.

काकींनी पान आणि कुंचला तिच्यापुढे सरकवला. “दुसरा तुझा.”

तीन वर्षं मागितलेलं शेवटी हातात आलं होतं. शलाकाने पान नाकाशी नेलं, उजेडाकडे धरलं, तिरकं करून पाहिलं. कुंचला वरच्या वर थांबला.

“काकी... मला तर डोळ्याची जागाच दिसत नाही.”

“मला तरी कुठे दिसली?”