झऱ्याची नोट

त्या राज्यात चार मुलूख होते आणि चलन एकच होते. चलनाचे नाव होन. डोंगर, माळ, पाणथळ आणि राजधानीचा किनारा, अशा चारही मुलखांना आपापल्या नोटा छापायची मुभा होती. फार पूर्वी चौघे एकत्र आले, तेव्हा नोटेवर चित्र कोणाचे असावे यावरून तीन वर्षे भांडण चालले आणि शेवटी सगळेच कंटाळले. म्हणून डोंगराच्या नोटेवर झरा आला, माळाच्या नोटेवर बोरीचे झाड, पाणथळीच्या नोटेवर कमळ आणि किनाऱ्याच्या नोटेवर सिंहासन. आकडा आणि राजमुद्रा मात्र चारही नोटांवर राजधानीतूनच, एकाच काळ्या शाईत उमटून येई. मुद्रेखाली एक ओळ असे: ही नोट राज्यात सर्वत्र चालेल. ती इतक्या बारीक अक्षरांत होती, की वाचायची सवय कोणाला लागलीच नाही.

डोंगरातल्या नोटा झाडाच्या सालीच्या असत. साल कुटून, वाळवून तिचा कापडासारखा चिवट कागद करायचा आणि पाल्याच्या रंगात त्यावर झरा काढायचा, ही तिथली पद्धत. नवे धान्य घरात आले की डोंगरातल्या बाया भांडी, घोंगड्या आणि नोटा एकदमच झऱ्यावर नेऊन धूत आणि कातळावर वाळत घालत. झऱ्याच्या पाण्याने नोटेचा रंग उलट खुले. मळकी नोट दुसऱ्याच्या हातात देणे म्हणजे उष्टे ताट पुढे करणे, असे त्यांना वाटे. राजधानीतल्या कोणाला हे सांगितले असते तर त्याने हसून हसून पोट धरले असते.

अशा एका डोंगरवस्तीत येसाक्का नावाची भेकरीण, भुंकणाऱ्या हरणांच्या जातीतली, राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. जीभ तिखट, हिशेब पक्का आणि आवाज असा, की ती घरात बोलली तरी समोरच्या टेकाडावर ऐकू जाई. तिची लेक सुंद्रा पोटुशी होती. त्या वर्षी घाट चढून येणारा मिठाचा तांडा आलाच नाही, आणि वस्तीजवळचा खारट मातीचा कडा तर चाटून चाटून केव्हाच गुळगुळीत झाला होता. मीठ नसले की आयांना दूध येत नाही. मागच्या खेपेला असेच झाले, तेव्हा शेजारच्या दोन घरांतली पाडसे आठवड्याच्या आत गेली. ती येसाक्काने स्वतःच्या हाताने पुरली होती.

तेव्हा वस्तीतल्या चाळीस घरांनी दहा दहा होनांची एकेक नोट काढून दिली. चारशे होनांत चार पोती मीठ येई. घाटवाट बंद व्हायच्या आत ते आणायचे होते आणि सुंद्राचे दिवस भरत आले होते. जायचे कोणी, याची चर्चा फार वेळ चालली नाही. येसाक्काला बाजारात कोणी फसवील, यावर वस्तीचा विश्वास नव्हता.

घाट उतरून, तीन दिवस नावेतून प्रवास करून ती राजधानीला पोचली. परतीची नाव तिथून चौथ्या दिवशी सुटणार होती. जकात नाक्यावर बसलेल्या तरसाने हात पुढे केला, येसाक्काने आपल्या कमरेची एक नोट दिली आणि त्याने ती न बघता पेटीत टाकली. इथवर सगळे सुरळीत झाले.

मिठाच्या पेठेतले पहिले दुकान बगळ्याचे होते. शेठ पांढऱ्याशुभ्र पोशाखात एका पायावर उभे होते.

"या, या, बसा. चार पोती ना? आत्ता भरून देतो," असे म्हणून त्याने नोट चोचीच्या टोकाने उचलली, उन्हाकडे धरली आणि उलटसुलट करून पाहिली. "ही कुठली म्हणायची?"

"डोंगराची. झऱ्याची नोट हाय ती. धा होनाची."

"खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही हं. खरीच असणार. माझी काहीच हरकत नाही. पण काय आहे, पुढे कोणी घेत नाही."

"कोन घेत न्हाई?"

"हे शेजारचे घूसशेठच बघा ना. विचारा हवं तर."

येसाक्का शेजारी गेली. घूसशेठ पोत्यांच्या थप्पीमागून मिश्या पुसत बाहेर आले. "मी? मी आनंदाने घेतली असती. पण बगळेभाऊ घेत नाहीत. मग मी ती घेऊन काय चाटत बसू?"

"त्ये म्हनत्यात तुमी घेत न्हाई म्हून त्ये घेत न्हाईत."

"बघा! म्हणजे मी म्हणालो ते खरंच निघालं," घूसशेठ समाधानाने म्हणाले.

त्या दिवशी येसाक्का सतरा दुकाने फिरली. एकही दुकानदार तिच्याशी वाईट वागला नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. डोंगरावर तर पेठेचे फारच प्रेम होते. एकाने डोंगरातल्या मधाची तारीफ केली, दुसऱ्याचा मेहुणा हवापालटाला तिकडे जाऊन लाल होऊन आला होता, तिसऱ्याने तिला डोंगरातूनच येणारे गार पाणी भांडेभर प्यायला दिले. नोट मात्र प्रत्येकाने दोन बोटांत धरून परत केली. कोणाच्याच मनात काही नव्हते. प्रत्येकाला भीती होती ती फक्त शेजाऱ्याची.

पेठेच्या टोकाला एक वानर नोटा बदलून देत असे. त्याने दर सांगितला: झऱ्याचे दहा द्या, सिंहासनाचे सात घ्या.

"आन मदले तीन?"

"ते जोखमीचे."

"कसली जोखीम?"

"कोणी घेतली नाही तर?"

"मग तुमी काय करता या नोटांचं?"

वानर धंद्याला लबाड असला तरी बोलायला सरळ होता. "कर भरतो," तो म्हणाला. "सरकारात दहाचे दहाच धरतात."

येसाक्काने मनात हिशेब केला. चार पोत्यांची पावणेतीन होत होती. म्हणजे बारा-तेरा घरांत मीठ पोचणार नव्हते, आणि ती घरे कोणती हे तिलाच ठरवावे लागले असते. तिने नोटा पुन्हा बांधल्या आणि ती उठली.

दुसऱ्या दिवशी ती खजिन्याच्या कचेरीत गेली. तिथले कासव मोठे कायदेपंडित होते. त्याने तिचे सगळे ऐकून घेतले, मान आत घेतली, बराच वेळ आतच ठेवली आणि मग बाहेर काढून सांगितले, "नोट सर्वत्र चालते, असा कायदा आहे."

"मग सांगा की त्या बगळ्याला."

"कोणाशी व्यवहार करायचा हे दुकानदाराने ठरवावे, असाही कायदा आहे."

"मंजी नोट चालती, पर घ्यायची न्हाई?"

"तुम्हाला कायद्याची चांगली समज आहे," कासव म्हणाले. "तक्रार करायची असल्यास अर्ज लिहा. फी एक नोट."

येसाक्काने कमरेची दुसरी नोट काढून दिली. कासवाने ती गल्ल्यात टाकली, झऱ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. उत्तर मात्र जागच्या जागी मिळाले, कारण ते आधीच छापून ठेवलेले होते: सदर नोट संपूर्ण वैध असल्याने अर्जदाराची तक्रार निराधार ठरते.

येसाक्का तडक नदीच्या घाटावर येऊन बसली. तिचा संताप संताप झाला होता, आणि संतापाच्या खाली भीती होती. सुंद्राचे ताणलेले पोट तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. तिने नोटांची चवड मांडीवर घेतली. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या, चाळीस घरांचा वास असलेल्या नोटा. त्या बघता बघता तिच्या मनात आले, की चूक आपलीच असेल. एवढी पांढरीशुभ्र पेठ, एवढा पांढराशुभ्र शेठ, आणि आपण त्याच्या पुढ्यात हे असले मळके ठेवायचे? त्याने चोचीच्या टोकाने उचलली यात नवल ते काय. डोंगरातल्या कोणत्याही बाईने जे केले असते तेच तिने केले. पदर खोचला, पाण्यात उतरली आणि नोटा धुवायला घेतल्या.

पण ती नदी समुद्राजवळची होती आणि पाणी खारे होते. सालीचा रंग गोड्या पाण्यात खुलतो, खाऱ्यात सुटतो, हे डोंगरात कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. येसाक्काने नोटा पिळून पायरीवर मांडल्या तेव्हा तिच्या हातांना हिरवेनिळे पाणी लागले होते. झरा एकाही नोटेवर उरला नव्हता. चाळीस झरे तिच्या डोळ्यांदेखत नदीला मिळाले. मागे राहिला तो काळ्या शाईतला आकडा आणि राजमुद्रा.

ती पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडली. लाजलज्जा सोडून, डोंगरातल्या आवाजात रडली. घाटावरच्या टिटव्या उडून गेल्या. चाळीस घरांनी विश्वासाने दिलेले तिने पाण्यात घातले होते. आता वानरही तिला दारात उभे करणार नव्हता. नोटा उन्हात वाळल्या, तशी ती उठली. बगळ्याचे पाय धरायचे आणि उधारीवर एक तरी पोते मागायचे, एवढेच तिला सुचत होते.

बगळ्याने तिचे बोलणे अर्धेच ऐकले. त्याची नजर तिच्या हातातल्या नोटेवर गेली होती. त्याने ती उचलली, उन्हाकडे धरली, सवयीने म्हणाला, "ही कुठली म्हणायची?" आणि चित्र शोधू लागला. चित्र नव्हते. पुढची सगळी वाक्ये त्याच्या चोचीतच राहिली.

"अरे वा," तो अखेर म्हणाला. "चांगली आहे की. सुटसुटीत."

"तीच हाय ती, शेठ. कालचीच," येसाक्का म्हणाली. तिला खोटे बोलायचे नव्हते. "धुतली मी. सगळं गेलं वो तिच्यावरचं."

"मग कालच धुऊन आणायची ना, बाई! केवढी पायपीट वाचली असती तुमची." आणि त्याने चाळीसच्या चाळीस नोटा मोजून घेतल्या. बगळ्याने घेतल्याचे पाहून घूसशेठनेही लगेच विचारले, की अजून आहेत का.

चार पोती भरली, तोंडे शिवली, हमाल बैलाच्या पाठीवर लादून घाटावर आली. येसाक्का पोत्यांना टेकून बसली आणि तिने एक खडा जिभेवर ठेवला. तिला आनंद झाला. आता एकही घर वगळावे लागणार नव्हते. सुंद्राला दूध येणार होते. लाजही वाटत होती. ती कशाची, हे तिला सांगता आले नसते, आणि विचारणारेही कोणी नव्हते.

नाव सुटायला अजून दोन दिवस होते. तेवढ्या दिवसांत गोष्ट पेठभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बगळ्याच्या दुकानावर सुबक अक्षरांत पाटी लागली: सर्व मुलखांच्या नोटा स्वीकारल्या जातील. धुऊन आणाव्यात. दुपारपर्यंत तशीच पाटी सतराही दुकानांवर होती. राजाच्या भाटांनी या उदारपणावर चार ओळी रचल्या. कासवाने कायद्याची पाने उलटून पाहिली आणि धुण्याला बंदी नसल्याचे जाहीर केले.

चौथ्या दिवशी येसाक्का नावेची वाट बघत बसली, तेव्हा घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. माळाचे, पाणथळीचे, डोंगराचे, सगळे ओळीने ओणवे होऊन धूत होते. कोऱ्या नोटांनी पायऱ्या भरल्या होत्या आणि पाण्यावर कितीतरी रंगांचा तवंग तरंगत होता. एकमेकांना ते जागा करून देत होते, साबण देत होते. सगळे आनंदात होते.

शेवटच्या पायरीवर, कमरेइतक्या पाण्यात, माळावरची एक चितळीण बसली होती. तिच्या नोटा केव्हाच वाळल्या होत्या. ती टाचा घासायच्या खरखरीत वज्रीने आपला खांदा घासत होती. पाणी झोंबत असावे, कारण दर घासण्याला ती डोळे गच्च मिटून घेत होती. खांदा, पाठ, कुशी, सगळे लालबुंद झाले होते. येसाक्काला बघून ती उठून जवळ आली.

"अक्का, नोटा धुयाचं शोधून काडलं त्या तुमीच ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात खरोखरची कृतज्ञता होती. "लई उपकार झाले बगा. पेठेच्या मागं एक खोली बगितलीया. मालक लई चांगले. म्हनले, आमची काय बी हरकत न्हाई, पर शेजारी..."

ती थांबली आणि हसली.

"समदं झालंय. मानेमागं तेवडा हात पोचंना. तितं र्‍हायलेत का, बगता?"

येसाक्काने पाहिले. सोलवटलेल्या कातडीच्या मधोमध, मानेच्या अगदी मुळाशी, दोन पांढरे ठिपके होते. नितळ, दुधाच्या थेंबांसारखे. वर नावाड्याने हाक दिली. हमाल बैल पोती चढवू लागला.

"र्‍हायलेत दोन," येसाक्का हळू आवाजात म्हणाली.

चितळिणीने वज्री तिच्या हातात दिली आणि मान खाली घातली.