बुधायच्या लग्नाचं पाणी

हळू बाप्पा, फांदी वाकवू नका. ह्या बांधाच्या वर जी तीनेकशे जुनी झाडं दिसतेत, तीच आमच्या बोरखडी मळ्याची मूळ कॉफी. तिचं नाव बुधाय. बाहेरचे लोक पाकिटावर नाव वाचतेत आन् विचारतेत, ही कोणी देवी आहे का? देवी नाई. आमच्याच गावची, कोरकूची पोट्टी होती ती. मी जसमाय बेठेकर. पन्नास वर्षं ह्या झाडांची फळं तोडली. माह्या आजीनं मले जसं सांगतलं तसं सांगते. मधात बोलू नका, मंग मी विसरते.

कॉफीले भर उन्हाळ्यात एक सर पाह्यजे. कळ्या येतेत आन् वाट पाहत बसतेत. सर आली की आठ-नऊ दिवसांत फुलतेत, नाई आली तर जागच्या जागी वाळतेत. त्या साली, म्हणे, सर न येण्याचं ते तिसरं वर्ष होतं. मळ्याचा मालक शहरातला. त्यानं सांगून टाकलं, ‘औंदा फळ नाई धरलं तर झाडं उपटतो, लाकूड विकतो, तुम्ही आपली वाट धरा.’ गाव मळ्याच्याच जमिनीवर बसलेलं. वाट धरा म्हणजे काय, घरं सोडा.

त्याच दिवसांत बुधायचं लग्न निघालं. तिच्या मायनं, सोनायनं, वीस दिवस विहिरीच्या तळाशी बसून वाटी-वाटीनं पाणी भरलं आन् बारा रांजण भरून ठेवले. वऱ्हाडाचे पाय धुवायले, प्यायले, भात शिजवायले. लग्नाले एक दिवस उरला. हळद लागलेली पोट्टी मांडवाबाहेर जात नाई, पण बुधाय मळ्यात गेली. एक कळी चिमटून पाह्यली. आतून अजून हिरवी होती. परत आली आन् मायले म्हणाली, ‘रांजण उघड.’

सोनाय उखडलीच. ‘वेडी झाली का? पाय धुवायले पाणी नसलं तर वऱ्हाड उभ्या पावली परत जाईन. मंग तुले कोण करीन?’

‘जाईन तर जाईन,’ बुधाय म्हणाली. ‘पण गावच उठलं तर, माय, मी माहेर म्हणून येऊ कुठं?’

असं सांगतेत, सोनाय मोठ्यानं रडली, आन् पहिल्या रांजणाचं झाकण तिनंच काढलं. साऱ्या बाया धावल्या. झाडागणिक एक तांब्या. पोट्टी हळदीच्या हातानं पाणी घालत होती. रांजण रिकामे झाले, तरी अर्धा उतार कोरडाच राह्यला, आन् कळ्या तशाच मिटलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेवाच्या गावचं, खालच्या डोमाझिऱ्याचं वऱ्हाड आलं. दीड कोसाचा उभा चढ, ढोल वाजवत, घसे सुकलेले. बुधायचा बाप हात जोडून समोर गेला. पाणी नाई, म्हणाला, आन् कावून नाई तेही सांगतलं. नवरदेव मोजीलाल काहीच बोलला नाई. त्यानं ओली झाडं पाह्यली, कोरडी पाह्यली, आन् आपल्या लोकायले घेऊन आल्या वाटेनं खाली निघून गेला. अरे, एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? मले आजवर राग येते त्याचा! सोनायनं मांडवाच्या खांबाले डोकं टेकलं. लग्न मोडलंच म्हणा ना. बुधायले कोणी बोल लावला नाई, पण तिच्याकडे कोणी पाह्यलंही नाई.

दिवस कलला तशी वळणावर माणसं दिसली. ढोल नाई, गाणं नाई. डोमाझिऱ्याचं वऱ्हाड परत येत होतं, आन् हरेकाच्या डोक्यावर भरली घागर होती. त्यायच्या नदीत एक झिरा होता, उन्हाळ्यातही न आटणारा. मोजीलाल पुढं, म्हातारे चुलते मागं, ढोलवालेही घागरी घेऊन. एकाचाही हात मोकळा नव्हता, ढोल वाजवीन कोण? त्यायनं आधी कोरड्या झाडायले पाणी घातलं. उरलं त्यात भात शिजला, आन् दिवस मावळायच्या आत लग्न लागलं.

नवव्या दिवशी बुधाय पहिल्यांदा माहेरी आली, तर फुलांचा वास तिले वळणावरच आला, म्हणे. पाणी हजार झाडायले पडलं होतं, फुलली ही तीनशे. थोडक्या पाण्यावर भागवणारी. ह्यायच्याच बियांपासून पुढं सारा मळा झाला. त्या साली फळ धरलं, मालक थांबला, गाव राह्यलं. म्हणून ह्या वाणाले आम्ही बुधाय म्हणतो. शास्त्रवाले काय म्हणतेत ते त्यायलेच विचारा.

आजही आमच्या गावात वऱ्हाड येते ते मुक्यानं येते. वळणावर ढोल थांबवतेत, हरेकजण डोक्यावर पाणी घेऊन चढते, ह्या झाडायले घालते, मंगच वाजंत्री. गेल्या उन्हाळ्यात माह्या नातीचं लग्न झालं. सोयरे अमरावतीचे, बस करून आलेले. मले धाक होता, शहरातले लोक हसतीन. नातीची सासू शाळेत मास्तरीण, जन्मात घागर उचलली नसन. दोनदा सांडली, साडी कमरेपर्यंत ओली झाली, तरी चढून आली. झाडाले पाणी घातलं आन् धापा टाकत मले विचारलं, ‘आजी, अजून एक आणू का?’

वयानं मी मोठी. तरी तिथंच मी तिच्या पाया पडली.