राणूची गावावरची चढाई

कबड्डीला सगळे अजून हुतूतूच म्हणायचे, त्या काळची ही हकिकत. कृष्णाकाठच्या ढवळवाडीत राणू ढवण नावाचा गडी होता. तो डोहात बुडी मारायचा, आणि काठावरच्या बाया घागरी घरी ठेवून परत यायच्या तेव्हा कुठे वर यायचा, असं म्हणतात.

खेळ त्याला थोरल्या भावानं, शिदोबानं शिकवला. दोघं एका संघात असले की आसपासची गावं मैदानात उतरायला कचरायची. मग राणूचं नाव शहरात गेलं, आणि तिथल्या एका गिरणीनं त्याला आपल्या संघासाठी नोकरीवर ठेवलं. खेळायचाही पगार मिळतो, हे गावानं पहिल्यांदाच ऐकलं. शिदोबा एवढंच म्हणाला, "विकला गेलास." मग त्यानं बोलणंच टाकलं.

राणू वर्षानुवर्षं गिरणीकडून खेळला. एकदा खांदा निखळला, तर जागच्या जागी बसवून घेतला आणि पुन्हा उतरला, असं म्हणतात. शेवटी एका वर्षी ढवळवाडीच्याच जत्रेत निकालाचा सामना पडला, गिरणी आणि गाव यांच्यात.

समोर शिदोबा उभा होता. राणू पेचात पडला. ढिलं खेळावं, तर दादाच्या शिकवणीचा अपमान. जीव तोडून खेळावं, तर गावाची हार. त्यानं माती कपाळाला लावली आणि शेवटच्या चढाईला रेघ ओलांडली.

शिदोबानं त्याचे पाय धरले, मागोमाग सगळा संघ अंगावर पडला. "हुतूतू, हुतूतू" करत राणू त्या सगळ्यांना ओढत निघाला. हलगी थांबली. त्याचा दम नदीपलीकडं ऐकू गेला, झाडावरची पाखरंही गप्प झाली, असं म्हणतात. त्याचा हात रेघेला टेकला, तेव्हा गावाचे सगळे गडी बाद झाले होते.

गिरणीवाले त्याला उचलायला धावले. राणू मात्र मागं वळला आणि मातीत पडलेल्या भावापुढं त्यानं हात केला.

"दादा, पगार गिरणीचा घेतो. खेळ तुझाच आहे."

शिदोबा तो हात धरून उठला आणि राणूला त्यानं खांद्यावर घेतलं.

"आपल्याच गड्यानं हरवलंय आपल्याला," तो गावाला म्हणाला. "वाजवा हलगी."

आजही ढवळवाडीच्या जत्रेत एका बाजूला गाव खेळतं आणि दुसऱ्या बाजूला पोटासाठी बाहेर गेलेले. त्यांना 'राणूचे गडी' म्हणतात. गावचा कप्तान रेघ ओलांडून जातो आणि त्यांना हाताला धरून मैदानात आणतो. ते जिंकले, की गाव ताठ मानेनं हरतं.