एल्डरविकच्या चौथऱ्यावरची पावलं

एल्डरविकच्या कलाविद्यालयात वरच्या मजल्यावर, उत्तरेकडे मोठी खिडकी असलेली एक खोली आहे. समोर माणूस उभा करून त्याचं चित्र काढायला इथे शिकवतात. मधोमध गुडघ्याएवढा लाकडी चौथरा आहे आणि त्यावर पांढऱ्या रंगाने रेखलेली दोन पावलं. विद्यालयातला कुठलाही नवा बँड पहिला कार्यक्रम याच चौथऱ्यावर करतो. गाणारा त्या पावलांवर पाय ठेवून दहा मिनिटं हलत नाही की बोलत नाही. भोवती बसलेली मुलं त्याचं चित्र काढतात. मग तो कॉलिन थ्रेल हे नाव मोठ्याने घेतो आणि पहिलं गाणं सुरू होतं.

असं का, ते रेडकरकाका सांगतात. काका मूळचे मालवणचे. उत्तर इंग्लंडातल्या या गिरण्यांच्या गावात ते साठ वर्षांपूर्वी छपाई शिकायला आले आणि विद्यालयाच्या छपाईखात्यातच नोकरीला लागले. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी ते पाहुण्यांना इमारत दाखवतात. त्या गुरुवारी दुपारी तीनला आमच्या नव्या बँडसाठी चौथऱ्यावर मला उभं राहायचं होतं, म्हणून सकाळी मीही पाहुण्यांत घुसले. ज्याचं नाव घ्यायचं त्याने नेमकं काय केलं, हे मला कळायला हवं होतं.

१९६२ साली म्हणे इथे कुठेच न बसणारी मुलं यायची. शाळेने नापास केलेली, गिरणीत जायला तयार नसलेली. रंग वाळेपर्यंत ती जिन्यात गिटार वाजवत बसत. प्राचार्य हॅल्डेनना ते खपत नसे. ही इमारत डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही, असं म्हणून त्यांनी फतवा काढला: जो वाजवेल त्याचं नाव पटावरून जाईल. पण त्यांचाच आणखी एक नियम याहून कडक होता. चौथऱ्यावर माणूस उभा आहे तोवर खोलीत कुणी बोलायचं नाही आणि कुणी त्याला अडवायचं नाही. प्राचार्यांनीसुद्धा.

एका सकाळी चित्रासाठी उभा राहणारा माणूस आलाच नाही. तेव्हा त्या मुलांतलाच कॉलिन गिटार घेऊन वर चढला, असं सांगतात. रीतीप्रमाणे त्याच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढली गेली, म्हणजे विश्रांतीनंतर पुन्हा त्याच जागी उभं राहता यावं. दहा मिनिटं तो दगडासारखा उभा होता आणि तीस जण त्याच्याकडे रोखून बघत होते. मग त्याने जागेवरूनच वाजवायला सुरुवात केली. हॅल्डेन धावत आले आणि दारातच थबकले. अख्खं गाणं त्यांना ऐकून घ्यावं लागलं.

"लोक आधी बघतात, मग ऐकतात, हे त्याला त्या दिवशी कळलं," काका म्हणाले. "पुढे तो गाजला आणि त्याचे कपडे, त्याचं उभं राहणं, सगळं देशाने उचललं. इथल्या कितीतरी बँडांचं मूळ असल्या चित्रांच्या वर्गांत आहे, शोधून बघा."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पावलांकडे बघत होते. खाली काचेच्या कपाटात कॉलिनचे बूट ठेवले आहेत, होडीएवढे. ही पावलं माझ्या पावलांहूनही लहान होती.

"काका," मी मराठीत विचारलं, "कॉलिनचे पाय नंतर वाढले का हो?"

"काय गो, खोड काढतेस? दर वर्षी नवा रंग देतात. रेघ आत सरकते."

"साठ वर्षं आतच सरकते? एकदाही बाहेर नाही?"

"मृण्मयी, तू गायला आलीस ना? गा. आम्ही तिथे होतो, तू नव्हतीस."

आम्ही होतो, तू नव्हतीस. या वाक्यापुढे आपण गप्प बसावं अशी मोठ्या माणसांची अपेक्षा असते.

"तुम्ही होतात, तर मघापासून म्हणे-म्हणे काय करताय? आणि वर्गात होतात म्हणजे चित्रही काढलं असेल. ते कुठाय?"

काकांनी पाहुण्यांना चहाला पाठवलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण ते मला छपाईखात्यात घेऊन गेले. तिथल्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण त्यांनी ओढला आणि एक जाड, पिवळा पडलेला कागद काढला. पाठीमागून काढलेलं पेन्सिलचित्र होतं. खांद्यावर गिटारचा पट्टा, मानेवर अंबाडा, कमरेला ॲप्रनची गाठ आणि गुडघ्याखाली आलेला स्कर्ट.

"ब्रेंडा हॉलरॉयड," काका म्हणाले. "कापडछपाईच्या वर्गातली. गिटार कॉलिनची. तो दाराशी पहाऱ्याला होता."

"आणि हॅल्डेन?"

"थांबले ना. गाणं संपलं, ती खाली उतरली. उतरल्यावर कसला नियम? दुपारपर्यंत तिचं नाव पटावरून गेलं. कॉलिन राहिला. पुढे टीव्हीवर त्याने ही गोष्ट स्वतःच्या नावावर सांगितली. त्याच्या नावाने देणग्या आल्या, हे छप्पर टिकलं."

"तुम्ही का नाही बोललात?"

"शिष्यवृत्तीवर होतो. तोंड उघडलं असतं तर पुढच्या बोटीने घरी."

"तेव्हाचं समजलं. नंतरच्या साठ वर्षांचं काय?"

काकांनी कागद माझ्या हातात दिला. मी लगेच विश्वास ठेवला नाही. इतकी वर्षं एक सांगणारा माणूस अचानक दुसरं सांगू लागला, तर तेही तपासायला नको? मी कागद उलटला. तारीख होती, शिक्षकांची सही होती, दहापैकी चार गुण होते.

"चारच?"

"स्कर्टच्या चुण्या जमल्या नाहीत म्हणाले."

एवढं खोटं रचताना स्वतःला चार गुण कुणी देत नाही.

तीन वाजता मी पावलांवर उभी राहिले. दहाव्या मिनिटाला विद्यार्थी संघाचा सचिव ओठ हलवून मला नाव सुचवू लागला: कॉलिन, कॉलिन. मी ब्रेंडा हॉलरॉयड म्हणाले. खोली गोंधळली, पण बोलायची कुणालाच मुभा नव्हती. मी चौथऱ्यावर होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून काका उठले.

"होय, तीच होती," ते खणखणीत इंग्रजीत म्हणाले. "मी पाहिलंय."

मग मी वाजवलं.

आजही एल्डरविकमध्ये पहिल्या गाण्याआधी दहा मिनिटं कुणी हलत नाही. नाव मात्र कुणी ब्रेंडाचं घेतं, कुणी कॉलिनचं, आणि धूर्त असतात ते दोघांचंही. ब्रेंडाला पटावर परत घ्यावं म्हणून आम्ही तीनदा अर्ज केला. त्या वर्षीचा पट पुरात वाहून गेला, असं कार्यालय सांगतं. त्याच कार्यालयाच्या भिंतीवर त्याच वर्षीच्या पटाचं एक पान काचेत लावलेलं आहे. नावं आडनावांच्या इंग्रजी क्रमाने आहेत, एच आधी आणि टी नंतर, आणि थ्रेल, कॉलिन अगदी ठळक वाचता येतं. त्याच्या वरची सगळी नावं पांढऱ्या पुठ्ठ्याने झाकली आहेत.