तुळसाचा चेहरा, राणीचे दागिने

सह्याद्रीतल्या एका लहानशा संस्थानात मंजुळाबाई नावाची राणी होती. तिची एकुलती एक लेक गोजरा नऊ वर्षांची झाली. राजांनी तिचे लग्न ठरवले आणि ते मोहिमेवर निघून गेले. सासर महिनाभराच्या वाटेवर. पोर आपला चेहरा विसरेल, या विचाराने राणीच्या घशाखाली घास उतरेना.

अशात दरबारी एक फिरंगी चित्रकार आला. तैलरंगात तो अशी माणसे रंगवी, की आता बोलतील असे वाटावे. राणीने सासूबाईंपाशी हट्ट धरला, "माझे चित्र काढवून घ्या. गोजराबरोबर पाठवायचे आहे."

पण राणी गोषातली. परक्या पुरुषाने तिचा चेहरा पाहायचा नाही, अशी रीत. सासूबाईंनी तोड काढली. तुळसा दासीला राणीची पैठणी नेसवली, राणीचे दागिने घातले आणि चित्रकारासमोर बसवले.

"अहो, पण चेहरा?" राणीने विचारले.

"चेहऱ्याकडे कोण बघतो? माणसाला दागिन्यांवरून ओळखतात," सासूबाई म्हणाल्या.

वीस दिवसांनी चित्र दरबारात मांडले. राणी पडद्याआड बसली होती.

"वा! हुबेहूब राणीसाहेब!" दिवाणजी म्हणाले. सरदारांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी एकानेही राणीचा चेहरा जन्मात पाहिला नव्हता.

गोजरा चित्रापाशी गेली. "ही तर आपली तुळसा!"

"गप गं! मोठे बोलताना मध्ये बोलू नये," सासूबाईंनी दटावले. "तुझी आईच आहे ती."

पोरीने पुन्हा निरखून पाहिले. "मग तिकडे मी रोज तुळसालाच आई म्हणायचे का, आजीसाहेब?"

राणीने आजवर सासूचा शब्द कधी मोडला नव्हता. आज ती उठली, पडदा सारून भरल्या दरबारात आली आणि चित्रकारासमोर बसली.

"दागिने राहू द्या. चेहरा तेवढा खरवडून माझा काढा."

"सूनबाई! लोक काय म्हणतील?"

"लोकांना हे चित्र कुठे हवे आहे, मासाहेब? ते माझ्या लेकीला हवे आहे."

"बरं झालं बाई," तुळसा पुटपुटली, "मला तरी कुठं परमुलखात जायचं होतं!"

चार दिवस राणी बसली. गोजराला तिने समोर बसवून घेतले होते, म्हणून चित्रातली नजर लेकीवरच खिळली.

निरोपाच्या दिवशी चेहऱ्याचा रंग नुकताच वाळला होता. वाटेत धूळ बसेल म्हणून सासूबाई चित्रावर शेला टाकू लागल्या. गोजराने त्यांचा हात धरला.

"धूळ मी पुसेन, आजीसाहेब. आईला झाकू नका."

सासूबाईंनी शेला आपल्याच डोळ्यांना लावला.

तात्पर्य: जी रीत मायेच्या आड येते, ती कितीही जुनी असली तरी मोडावी. आपल्या माणसाला दागिने दिले नाहीत तरी चालते, आपला खरा चेहरा मात्र द्यावा.