पाचवं नख

"...पण पाचवं नख काढायला तुला सांगितलं कोणी?"

शिंगयुआन म्हणाला, कोणीच नाही.

त्याच्या मागे मठाची भिंत होती आणि भिंतीवर त्याने रंगवलेला ड्रॅगन. समोर राजधानीहून आलेला अंमलदार दुआन. दोघांत ड्रॅगनचा चेहरा जरा प्रेमळ होता.

त्या राज्यात नियम सरळ होता. पाच नखांचा ड्रॅगन फक्त सम्राटाचा. बाकीच्यांनी चारात भागवायचं. जो पाचवं काढेल त्याचा उजवा हात मनगटापासून जाणार.

शिंगयुआनच्या ड्रॅगनला चार पंजे होते. प्रत्येकाला पाच नखं. म्हणजे चुकून झालं म्हणायलाही जागा नव्हती.

त्याचे गुरू हुईकोंग पायरीवर बसून शेंगा सोलत होते. चारच काढ, असं त्यांनी शिष्याला आधीच सांगितलं होतं. पण शिंगयुआन मठातला सगळ्यात चांगला चित्रकार होता, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. अशा माणसाला काही सांगणं अवघड असतं.

अंमलदाराने शिपायांना ओंडका आणायला सांगितलं. मठात एकच ओंडका होता, कोबी चिरायचा. शिपायांनी तोच आणला.

गुरूंनी मान वर केली. म्हणाले, नंतर धुऊन ठेवा, संध्याकाळी कोबीच आहे.

शिपायांनी शिंगयुआनचा हात ओंडक्यावर दाबून धरला. अंमलदार तसा वाईट माणूस नव्हता. त्याने सवलत देऊ केली. गुडघे टेक, आणि हा ड्रॅगन सम्राटाचा आहे असं मोठ्याने म्हण. मग हात नाही, एकच बोट घेऊ.

"चार उरतील," तो समजावून म्हणाला. "म्हणजे तूही नियमात बसशील."

शिपायांना हसू आलं. त्यांनी ते गिळलं.

शिंगयुआनने गुडघे टेकले नाहीत.

"शिंगं हरणाची," तो म्हणाला. "खवले माशाचे. मान सापाची. पंजे गरुडाचे. पाऊस पाडतो तो सगळ्यांच्या शेतात. यात सम्राटाचं काय आहे?"

"पाचवं नख," अंमलदार म्हणाला.

...

शिपायाने कोयता उचलला.

तेवढ्यात गुरू उठले. मांडीवरची सालं झटकली, ओलं फडकं घेतलं आणि भिंतीकडे गेले.

"पुसून टाकतो," ते म्हणाले. "एकेक कमी केलं की झालं."

शिंगयुआन ओंडक्यावरूनच ओरडला. हात गेला तरी चालेल, म्हणाला, पण चित्राला कोणी हात लावायचा नाही. गुरूंनी लक्ष दिलं नाही. फडकं नखाजवळ नेलं...

"थांबा," अंमलदार म्हणाला.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच्या आत्ता लक्षात आलं होतं. पाच नखं, म्हणजे ड्रॅगन सम्राटाचा. मग ते नख पुसणं म्हणजे सम्राटाचं नख तोडणं. ते पुसणाऱ्याचं डोकं जातं. आणि समोर उभं राहून पुसू देणाऱ्याचंही.

"म्हणजे पाच ठेवायची नाहीत," गुरू म्हणाले.

"नाही."

"आणि कमीही करायची नाहीत."

"...नाही."

"बरं."

गुरूंनी फडकं खांद्यावर टाकलं. शिष्याचा कुंचला उचलला, हिरव्या रंगात बुडवला आणि पहिल्या पंजाला सहावं नख काढलं.

त्यांना चित्रकला येत नव्हती. नख वांग्यासारखं दिसत होतं.

गुरू दुसऱ्या पंजाकडे गेले. मग तिसऱ्याकडे. चौथा उंच होता, त्यासाठी त्यांनी शिपायाला स्टूल धरायला सांगितलं. शिपायाने धरलं.

अंमलदाराला वाचा फुटली तेव्हा चार वांगी काढून झाली होती. तो म्हणाला, मी माझ्या डोळ्यांनी पाच पाहिली आहेत.

"कुठे?" गुरूंनी विचारलं.

अंमलदाराने भिंत पाहिली. मग स्टूल धरलेल्या शिपायाकडे वळला. तू सांग, पाच होती ना? शिपाई म्हणाला, साहेब, आता सहा आहेत.

आता खरा घोळ शिंगयुआनने घातला. दुसरा शिपाईही भिंतीकडे बघत राहिला होता, त्यामुळे शिंगयुआनचा हात सुटला होता. कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. हा तरातरा भिंतीपाशी आला.

"गुरुजी, सहा नखांचा ड्रॅगन जगात कुठेही नसतो. तुम्ही वाट लावली त्याची. हा ड्रॅगनच नाही राहिला."

अंमलदाराचे डोळे चमकले. ड्रॅगनच नसेल, तर गुन्हाही नाही आणि लफडंही नाही. राजधानीत जाऊन सांगता येईल की भिंतीवर एक सरडा आहे. त्याने शिंगयुआनला विचारलं, नक्की ना? तसं शपथेवर म्हण आणि मोकळा हो.

सरडा म्हटलं की हात वाचत होता.

शिंगयुआनने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग भिंतीकडे...

"ड्रॅगन आहे," तो म्हणाला. "वांग्यांसकट."

गुरूंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच.

दारात खालच्या गावातली फान आजी उभी होती. नदी वेळेवर भरावी म्हणून ती अधूनमधून ड्रॅगनपुढे वाफवलेले पाव ठेवायला यायची. अंमलदाराने तिला पुढे बोलावलं आणि भिंतीवर काय आहे ते विचारलं.

"ड्रॅगन," आजी म्हणाली. साहेबाला दिसत कसं नाही याचं तिला वाईट वाटलं.

"नखं किती आहेत त्याला?"

"मला काय त्याची नखं कापायचीत, साहेब?"

तिने पाव ठेवले, हात जोडले आणि निघून गेली.

अंमलदाराने मनातल्या मनात सगळे नियम चाळले. चारचा नियम होता. पाचचा होता. सहाबद्दल कुठे काही लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलेलंच नाही त्यासाठी हात तोडला तर त्याचा स्वतःचा गेला असता. शेवटी त्याने कोयता खाली ठेवायला लावला आणि घोडा मागवला.

घोड्यावर बसल्यावर मात्र त्याला पुन्हा जोर चढला.

"राजधानीला जातो," तो म्हणाला. "सहाचा नियम करून घेऊनच परत येतो."

घोडा वळणाआड गेला. शिंगयुआनने मनगट चोळलं आणि विचारलं, गुरुजी, तो खरंच नियम घेऊन आला तर?

गुरूंनी पायरीवर बसून शेंगांची टोपली पुढे ओढली.

"रंग जास्त भिजव. सातव्याला लागेल."