मातीचा चाकर

नाईलकाठी राजे मेल्यावरही राजेच राहत, त्या काळची गोष्ट. सेनेब नावाचा लहानगा राजपुत्र वारला. त्याचं शव मिठात सुकवून, कापडी पट्ट्यांत गुंडाळून थडग्यात ठेवलं. उशाशी मातीचा एक चाकर ठेवला, हातात कुदळ घेतलेला. परलोकात राजपुत्राला शेतावर राबायला बोलावलं, की "मी आहे" म्हणून त्याच्याऐवजी उठायचं, एवढंच चाकराचं काम.

थडग्याचं दार बंद झालं. अंधारात राजपुत्र घाबरून म्हणाला, "कोणी आहे का?"

हे काही शेताचं बोलावणं नाही, असा विचार करून चाकर गप्प राहिला.

"मी आहे ना रे बाळा," राजपुत्राच्या छातीवरची एक विटकी पट्टी म्हणाली. ती त्याच्या आईच्या जुन्या वस्त्रातून फाडलेली होती. "झोप तू."

चाकराची मान खाली गेली. तेवढेच शब्द तर त्याला येत होते.

पुढे एकदा खरंच शेतावरून हाक आली. चाकर धडपडत उठला. "मी आहे," तो म्हणाला.

राजपुत्राने त्याच्या हातातली कुदळ हळूच काढून घेतली.

"असू दे," तो म्हणाला. "तुला कशाला त्रास? जाईन माझा मी."